घराभोवती सावलीची झाडं लावून देणारी सर्व्हिस घेतली होती, तीन उन्हाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू लांब आहे हे आधीच सांगते. झाडं लावून लाइट बिल कमी होतं का असं मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. होतं. पण कुठे लावली त्यावर सगळं आहे, किती लावली त्यावर नाही, आणि ही सर्व्हिस नेमकी त्या "कुठे"साठी घ्यावी असं माझं मत आहे, बाकीच्या कामासाठी मी पूर्ण मार्क देणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चांगलं वाईट दोन्ही आलंय आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये.

आमचं दुखणं असं होतं की सासूबाईंची खोली पश्चिमेला. दुपारी दोनपर्यंत ठीक असायची आणि चारनंतर जी तापायची ती रात्री अकरा बाराला पण तशीच. बाहेर गार वारा सुटलेला असायचा आणि आत पंखा लावला की गरम झोत अंगावर. त्यांना धड झोप लागायची नाही, मग एसी रात्रभर. मला वाटायचं एसीच जुना झालाय. पण कारण भिंत होती. जाड विटांची भिंत उन्हाची उष्णता आत पोचवायला सहा ते आठ तास घेते, म्हणजे चार पाच वाजता बाहेरून खाल्लेलं ऊन ती मध्यरात्री खोलीत ओतते. हे मला त्या सर्व्हिसच्या बाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं आणि खरं सांगते, तिथेच माझा विश्वास बसला कारण रोज जे सोसत होतो त्याचं कारण पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

त्यांची पाहणी हा या सर्व्हिसचा सगळ्यात चांगला भाग. एकदा सकाळी आल्या आणि एकदा मुद्दाम साडेचारला. होकायंत्र, मोजपट्टी, मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारं अ‍ॅप, आणि आमच्याकडून मागच्या १२ महिन्यांची लाइट बिलं मागून घेतली. म्हटलं झाडांचा आणि बिलांचा काय संबंध, तर त्यांनी ज्या महिन्यात ना एसी लागतो ना हीटर असा महिना शोधला, त्याचे युनिट म्हणजे घराचा कायमचा खर्च, फ्रीज दिवे मशीन वगैरे, आणि उन्हाळ्याच्या महिन्यातून तेवढे वजा केले की जे उरतं ते थंडाव्याचं. झाडं फक्त या उरलेल्या भागाला हात घालू शकतात, बाकीच्याला नाही. हा हिशोब प्रत्येकाने घरी बसून करावा, त्याला कुणाला बोलवायची पण गरज नाही. तुमचा थंडाव्याचा भागच छोटा असेल तर बागेवर खर्च आवडीसाठी करा, बिलासाठी नको.

मग दिशा. पश्चिमेवर इतका जोर का, तर दुपारी डोक्यावरचा सूर्य खिडकीवरच्या छज्जाने अडतो, पण चारनंतर तो खाली येतो आणि छज्जाच्या खालून सरळ काचेवर आणि भिंतीवर पडतो, छज्जा कितीही बाहेर काढा उपयोग नाही. तेव्हा उभा आडोसाच लागतो आणि तो बाहेरून. आतला पडदा लावला तरी ऊन काचेतून आत येऊन गेलेलंच असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. सावली काचेच्या बाहेर हवी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप झालं. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला कधीच सुचली नसती. उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तर गोलार्धात तो वायव्येकडे झुकतो (दक्षिण गोलार्धात नैर्ऋत्येकडे), म्हणून आडोसा खिडकीच्या रुंदीइतकाच ठेवला तर संध्याकाळचं ऊन बाजूने घुसतं. म्हणून आमची वेलीची चौकट त्या बाजूला चार फूट जास्त काढली आहे.

झाड भिंतीपासून किती लांब लावायचं याचा हिशोब पण छान आहे. सूर्य ४५ अंशावर असताना झाडाची सावली झाडाच्या उंचीइतकीच लांब पडते, ३० अंशावर आला की पावणेदोन पट. म्हणजे ४ मीटर उंचीचं झाड भिंतीपासून ४ मीटरवर लावलं तर ४५ अंशाला सावलीचं टोक भिंतीच्या पायाशी टेकतं आणि ३० अंशाला भिंतीवर साधारण १.७ मीटर चढतं, म्हणजे खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकला. झाड अजून वाढलं की पूर्ण खिडकी. म्हणून पश्चिमेला पंधरा वीस फूट उंच होणारं झाड पुरतं, भलामोठा वृक्ष लागत नाही आणि मुळं पायाखाली घुसायची भीतीही कमी. चिकणमाती असेल तर मात्र जास्त लांब लावा, तहानलेलं मोठं झाड माती सुकवतं, माती आक्रसते आणि पाया हलतो.

पण झाड वाढायला वर्षं लागतात आणि सासूबाईंना त्या उन्हाळ्यातच झोप हवी होती. म्हणून वेल. इथे पहिली वादावादी झाली. कंपनीच्या कामगारांनी भिंतीला स्वतःच चिकटणारी वेल आणली, थेट प्लास्टरवर चढवायची म्हणाले, खर्च कमी. ह्यांनी नको म्हटलं आणि बरं झालं. चिकटणाऱ्या वेलीची मुळं भिंतीतल्या भेगांमध्ये घुसतात, प्लास्टर आधीच तडकलेलं असेल तर अजून उचकटतं, आणि रंग द्यायची वेळ आली की वेल ओरबाडून काढावी लागते. आम्ही भिंतीपासून फूटभर पुढे लोखंडी चौकट उभी करून तारा ताणून घेतल्या आणि मधुमालती चढवली. मधल्या त्या फूटभर जागेतून हवा खेळती राहते, तापलेली हवा वर निघून जाते आणि भिंतीला ओल धरत नाही. पहिल्या वर्षी मधुमालती गुडघ्याएवढीच होती, तेव्हा त्याच तारांवर भाजीच्या वेली सोडल्या, त्या दोन महिन्यांत वरपर्यंत गेल्या. ज्यांना घाई आहे त्यांनी हेच करा, एका हंगामापुरत्या वेली पुढे आणि कायमची वेल मागे.

फरक बघायला मी बंदुकीसारखा येतो तो थर्मामीटर घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाच वाजता उघड्या भिंतीवर ५१ अंश आणि वेलीमागच्या भिंतीवर ३६, एकच भिंत, एकच वेळ, मध्ये चार पावलांचं अंतर. मी तीनदा मोजलं कारण खरं वाटेना. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही सावलीतले पृष्ठभाग भर उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सियसने गार असू शकतात असं सांगितलंय, तर आमचा आकडा त्यात बसतो. मला आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही वाटते की सासूबाई आता दहाला झोपतात.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, एसीचं आउटडोअर युनिट. त्यांच्या प्लॅनमध्ये "युनिटला सावली" असं लिहिलं होतं आणि ते बरोबरच आहे, गार जागेत युनिटला उष्णता बाहेर फेकायला कमी कष्ट पडतात. पण लावताना कामगारांनी काय केलं तर युनिटच्या तोंडासमोर दोन हातांवर दाट झुडपांची रांग लावून टाकली. युनिटने फेकलेली गरम हवा झुडपावर आपटून परत युनिटच ओढून घ्यायला लागलं, काँप्रेसर थांबायचं नाव घेईना आणि जाळीत पानं अडकायला लागली ती वेगळीच. महिनाभर विजेचे युनिट जास्त पडले तेव्हा आमच्या लक्षात आलं. सावली वरून किंवा लांबून यायला हवी, युनिटच्या भोवती दोन तीन फूट मोकळे हवेत आणि समोरची बाजू तर पूर्ण उघडी. प्लॅन काढणारी व्यक्ती आणि खड्डे खणणारी माणसं यांच्यात बोलणंच होत नाही हा या सर्व्हिसचा खरा दोष आहे. झुडपं उपटून लावायला आम्हाला पुन्हा माणूस बोलवावा लागला.

दुसरी तक्रार, उत्तरेची झाडं. तिथे जागा मोकळी होती म्हणून पॅकेजमधली उरलेली तीन झाडं तिथे लावून मोकळे झाले. मी विचारलं तर "झाड कुठेही लावलं तरी फायदाच" असं उत्तर. नाही हो, कुठेही नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटो शहरात ४६० घरांची उन्हाळ्यातली बिलं तपासून २००९ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात घराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला झाडं असलेल्या घरांचा उन्हाळ्यातला वापर सरासरी ५.२ टक्के कमी निघाला, साधारण १८५ युनिट, आणि उत्तरेला झाडं असतील तर उलट १.५ टक्के वाढला. तिथलं हवामान कोरडं, अक्षांश वेगळा, तुमच्याकडे आकडा वेगळा निघेल हे मान्य, पण दिशा बदलली की नफ्याचा तोटा होतो हे तर दिसतंच ना. आमच्याकडे त्या झाडांनी स्वयंपाकघरातला उजेड अडवला, दिवसा दिवा लागायला लागला, आणि संध्याकाळचा वारा ज्या खिडकीतून यायचा ती खिडकी झाकली गेली. त्यातली दोन झाडं लहान असतानाच आम्ही हलवली.

तिसरी म्हणजे त्यांच्या पत्रकातलं "बिल निम्मं" हे वाक्य. असं लिहू नये. अमेरिकेचं ऊर्जा खातं सुद्धा नीट जागा बघून लावलेल्या झाडांनी घरातल्या ऊर्जेची २५ टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते असंच म्हणतं, आणि "पर्यंत" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. नव्वदच्या दशकात त्याच सॅक्रमेंटोमध्ये दोन घरांवर मीटर लावून मोजलं होतं, तिथे थंडाव्याच्या विजेत ३० टक्क्यांच्या आसपास बचत दिसली होती, पण ती फक्त थंडाव्याच्या भागात, अख्ख्या बिलात नाही. बिलाचा हिशोब करून दाखवणारी बाई इतकी प्रामाणिक आणि पत्रक असं, हे मला खटकलं.

झाडांच्या गारव्याबद्दल थोडं. झाड फक्त छत्री नाही, पानांतून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ०.६८ युनिटच्या (वीज मोजतो तेच युनिट) आसपास उष्णता लागते, म्हणजे दिवसाला १०० लिटर पाणी उडवणारं मोठं झाड जवळपास ६८ युनिट उष्णता हवेतून काढतं. चांगला एसी एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता बाहेर टाकतो, त्या हिशोबाने बघितलं तर हे २२-२३ युनिट विजेचं काम झालं. वाचून मला फार आनंद झाला होता, पण तो सगळा गारवा आपल्या खोलीत येत नाही, वारा तो वाटेत वाटून टाकतो, म्हणून हा आकडा बिलातून वजा करायचा नसतो. शिवाय जिथे हवा आधीच दमट आहे तिथे खिडकीला अगदी खेटून सारखं पाणी लागणारे वाफे केले तर दमटपणा आत येतो आणि घाम वाळत नाही. तिथे उंच खोडाची, वर पसरणारी झाडं बरी, सावलीही मिळते आणि खालून वारा पण येतो. आमच्याकडे अंगणातली फरशी काढून तिथे जमिनीलगत पसरणारी झुडपं लावली ते मात्र फार आवडलं. तापलेली फरशी खिडकीखालून रात्री उशिरापर्यंत धग मारायची ती गेली. त्यांनी हिरवळ सुचवली होती ती नाही घेतली, पाणी फार पितं आणि कापायला मशीन लागतं.

पाण्याचा प्रश्न सगळे विचारतात, की पंप चालवून वाचवलेली वीज परत जाणार ना. मी पण घाबरले होते. पण १००० लिटर पाणी १० मीटर वर चढवायला नुसत्या गणिताने ०.०३ युनिट पण लागत नाही, पंप अगदीच वाईट असला तरी ०.१ च्या आत. त्यामुळे वीज हा मुद्दाच नाही, पाणी हा आहे, आणि बोअर खूप खोल असेल तर हिशोब बदलतो. आम्ही ड्रिप टाकलं, प्रत्येक आळ्यात दोन तीन इंच पालापाचोळा, खोडाला न चिकटवता, आणि पाणी पहाटे. पहिल्या वर्षी सातपैकी दोन रोपं मेली आणि त्याला सर्व्हिसच जबाबदार आहे असं मी म्हणेन, कारण लावून गेल्यावर पाणी किती आणि कधी द्यायचं हे लिहून दिलं नव्हतं. आम्ही रोज थोडं थोडं घालत होतो, त्याने मुळं वरच राहतात, त्यापेक्षा दोन तीन दिवसांनी खोलवर भिजेल असं द्यायला हवं होतं. फोन केला तर उचलायचे, गोड बोलायचे, पण रोपं बदलून द्यायला चार महिने लावले.

गच्चीबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या छतावर झाडाची सावली यायला पाच दहा वर्षं लागतील, तोपर्यंत पांढरा परावर्तक रंग लावा आणि तो दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या, आम्ही करत नाही. स्वतःचं काम नसताना खरं सांगितलं याचे मार्क वेगळे. मला गच्चीवर सरसकट माती टाकून बाग करायची हौस होती तीही त्यांनी थांबवली. १५ सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं, इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको म्हणाल्या. सोलर हीटर किंवा पॅनल असेल तर त्याच्यावर सावली कुठल्या महिन्यात कुठून येईल तेही आधीच बघून घ्या, पॅनलच्या छोट्या भागावर सावली पडली तरी उत्पादन बरंच पडतं.

माझी बहीण थंड आणि वाऱ्याच्या भागात राहते, तिच्याकडे प्रश्न उलटा, हीटरचं बिल. तिने दुसऱ्या एका माळीकाका टाइप माणसाकडून काम करून घेतलं पण तत्त्व तेच, म्हणून लिहिते. वारा ज्या बाजूने येतो तिथे जमिनीपर्यंत दाट आणि बारमाही हिरव्या झाडांची रांग, घरापासून झाडांच्या उंचीच्या दोन ते पाच पट अंतरावर, म्हणजे ३ मीटर उंच कुंपण ६ ते १५ मीटरवर. भक्कम भिंत बांधू नका, भिंतीवरून वारा उसळून मागे भोवरे करतो, झाडांमधून थोडा गाळून आलेला वारा जास्त मंदावतो. आणि जिकडून हिवाळ्यात ऊन येतं तिकडे पानगळ होणारी झाडं पण विचार करूनच, पानं गळली तरी नुसत्या फांद्याही बऱ्यापैकी ऊन अडवतात हे तिला नंतर कळलं. दोन फांद्या छाटल्यावर तिची बैठकीची खोली उजळली.

आता आमचा निकाल. पहिल्या उन्हाळ्यात आउटडोअर युनिटच्या गोंधळामुळे बचत शून्य. दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या खोलीतला एसी रात्रभराऐवजी साधारण दोन अडीच तास. तिसऱ्या उन्हाळ्यात थंडाव्याच्या युनिटांमध्ये जवळपास पाचवा हिस्सा कमी, अख्ख्या बिलात बघितलं तर आठवा वगैरे. यातलं थोडं श्रेय त्या पांढऱ्या रंगाचं आहे आणि एक उन्हाळा जरा सौम्य होता, त्यामुळे सगळं झाडांच्या नावावर लिहीत नाही. पण एसी बिघडला म्हणून नवीन घ्यायला निघालो होतो तो अजून तोच जुना चालू आहे.

पाहणी आणि प्लॅनला पाचपैकी पाच. लावणीला अडीच. नंतरच्या देखभालीला दोन. जी मंडळी स्वतः मातीत हात घालतात त्यांनी फक्त पाहणी घ्या आणि लावायचं काम आपल्या माळ्याकडून उभं राहून करून घ्या, तसं देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. भाड्याच्या घरात असाल तर चौकट, तारा आणि मोठ्या कुंडीतली वेल एवढंच करा, जाताना घेऊन जाता येतं. कंपनीचं कुणी वाचत असेल तर दोन विनंत्या. लावणीच्या दिवशी प्लॅन काढणारी बाई अर्धा दिवस तरी जागेवर हवी. आणि तिसऱ्या वर्षी एक भेट पॅकेजमध्ये घाला, कारण तेव्हाच खरा प्रश्न येतो, आमचं पश्चिमेचं झाड आता खिडकीच्या वर गेलंय, खालच्या फांद्या काढल्या तर साडेपाचचं ऊन परत आत येईल आणि नाही काढल्या तर वारा अडतो, मी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसते की कुठली फांदी ठेवायची.